विटेची ऊब

१

हिवाळ्याची तयारी ही आमच्या घरात एकट्या माझी जबाबदारी आहे, हे कधी ठरलं ते मला कुणी सांगितलंच नाही. दिवाळी आटोपली, सोयाबीन घरातून बाजारात गेलं, पहाटे बादलीतलं पाणी बोटांना चावायला लागलं, की नागपूरहून विकासदादाचा फोन येतो. "रेणू, आईचं बघ बरं. यंदा दवाखान्याची वेळ यायला नको."

बघ म्हणजे काय, ते तो सांगत नाही. टिनाच्या खिळ्यांवर डांबर कुणी लावायचं, खिडकीच्या फटीत चिंध्या कुणी ठोसायच्या, रजया उसवून कुणी भरून घ्यायच्या? "हीटर पाठवतो," म्हणतो. आमच्या मेडशीत संध्याकाळी लाईट किती टिकते हे तो नोकरी लागल्याबरोबर विसरला.

पण मागचा हिवाळा मी विसरू शकत नाही. आईला दमा आहे. थंडीत तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजते, आणि मागच्या वर्षी ती शिट्टी वाजायचीही थांबली. वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "धूर, धूळ, गार वारा, तिन्ही बंद. पुन्हा असा झटका आला तर मी काही सांगू शकणार नाही." विकासदादाला नाही सांगितलं त्यांनी हे. मला सांगितलं.

टिनं झाली, खिडकी झाली. राहिला तो झरोका.

आमचं घर पूर्वी एकच होतं. बाबा आणि इंद्रभानकाका यांची वाटणी झाली तेव्हा मधोमध कच्च्या विटांची भिंत घातली. भावाभावांचं बोलणं बंद झालं, जावाजावांचं नाही. आईनं आणि साधनाकाकूनं गवंड्याला गुपचूप सांगून एका विटेची जागा मोकळी ठेवून घेतली, तोच हा झरोका. त्यातून विरजण जायचं, आगपेटी यायची, आणि नवऱ्यांच्या तक्रारी दोन्हीकडून जायच्या-यायच्या. आता बाबा नाहीत. काकूही नाही. शेवटच्या हिवाळ्यात काकूची कंबर गेली होती. ती दिवसभर या भिंतीला टेकून बसायची, कारण भिंतीच्या अलीकडे आमची चूल. काका रोज म्हणायचे, उद्या नेतो दवाखान्यात. एक रजई भरली नाही त्या माणसानं तिच्यासाठी! ती गेली, तेरवी झाली, आणि काका घराला कुलूप लावून अकोल्याला प्रज्वलकडे, म्हणजे मुलाकडे, निघून गेले.

मी लवकर दचकते. भांडं पडलं तरी माझा जीव खालीवर होतो. सगळं गाव मला भित्री म्हणतं, एक काकू तेवढी टिटवी म्हणायची. जरा खुट्ट झालं की ओरडत उडते, म्हणून. आईला ते मुळीच आवडायचं नाही. "अपशकुनी पाखराचं नाव नको देऊ माह्या पोरीले," असं ती झरोक्यातून काकूला दटावायची. पलीकडून हसू यायचं.

आईची बाज नेमकी त्या झरोक्याखाली आहे.

२

शफीकभाई रुई पिंजायचं मशीन ऑटोत घालून गावोगाव फिरतात. त्यांनी मशीन सुरू केलं आणि मी ओट्यावरून उठून उभी राहिले.

"अरे बापरे, रेणूताई, मशीन आहे. वाघ नाही."

मी परत ओट्यावर बसले. त्यांनी आईची रजई उसवली, आतली रुई हातात घेतली आणि मशीन बंद केलं.

"हे काय हाय? रुई हाय का वीटभट्टी?"

रुईत लाल चुरा होता. मधोमध कापड करपून तपकिरी झालेलं, तळहाताएवढं.

"मावशी," त्यांनी आत आवाज दिला, "रजईत वीट घेऊन झोपता काय?"

"जुनी हाय रजई," आई बाजेवरून म्हणाली. "काहीबाही निंगतेच त्यातून."

"जुन्या रजया म्या कमी पाह्यल्या काय? उंदराची पिल्लं निंगाली, एका बुढ्याची कवळी निंगाली. वीट पहिल्यांदा पाहून राह्यलो."

ते हसले, आईही हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझं लक्ष मात्र चुलीकडे होतं. चूल फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती उरली आहे, तीही मीच पेटवते, दार उघडं टाकून, सकाळी. आता दुपार टळली होती. राखेत ताजे निखारे होते.

३

त्या दिवशी मी दिवेलागणीला किराणा आणायला जाते असं सांगितलं आणि दाराच्या आड उभी राहिले. स्वतःच्या आईवर पाळत ठेवायची पाळी यावी, याचाच मला संताप येत होता.

आई उठली. भिंतीला धरून चुलीपर्यंत गेली, फुंकणीनं जाळ केला. फुंकणीनं! ज्या बाईला चहा गार करायला फुंकर घालता येत नाही, तिनं. चिमट्यानं राखेतून भाजक्या विटेचा तुकडा काढला, फडक्यात गुंडाळला, वर गाठ मारली. थोडा वेळ तो रजईत पोटाशी धरून बसली, श्वास जमेपर्यंत. मग बाजेवर गुडघे टेकले आणि ते गाठोडं झरोक्यात सरकवलं.

"काय करून राह्यली तू?" मी ओरडले.

ती दचकली नाही. माझ्याच हातातली पिशवी पडली.

"वीट देऊन राह्यली."

"कोणाले?"

"साधनाले." चहा ठेवते म्हणावं, तशा आवाजात.

"आई, काकू मेली. तूच तिच्या तोंडात पाणी घातलं ना?"

"हाव. मंग? मेल्यावर थंडी लागत नाई, असं शिकवते काय तुह्या कॉलेजात?"

मी बीएस्सी आहे. मी वाकून पडलेली पिशवी उचलली.

"तवा बी रोज द्यायची मी," आई धापा टाकत म्हणाली. "रात्री वीट जायची, सकाळी परत यायची. फडकं घडी करून ठेवलेलं. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणारी नाई ती. एका सकाळी तेवढं गाठोडं झरोक्यातच होतं. गाठ म्या बांधली तशीच. तवाच म्या समजली."

"अन आता? आता कोण गाठ सोडते?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. लहान लेकराला पाहावं तसं.

सकाळी वीट झरोक्याच्या आमच्या काठावर होती. शेजारी फडकं, चार पदरी घडी घातलेलं. मी वीट उचलली आणि लगेच खाली ठेवली. घरातल्या कुठल्याच वस्तूला एवढी थंडी नव्हती. माठालाही नव्हती.

आई रात्री उठत असेल, मी स्वतःला समजावलं. स्वतःच गाठ सोडत असेल, आणि विसरत असेल. वय झालं की होतं असं. वीट रात्रभर झरोक्यात वाऱ्यावर राहिली, तर गार होणारच. यात न समजण्यासारखं काय आहे? आणि समजा काही असलंच, तर ज्या बाईला तिच्या नवऱ्यानं जिवंतपणी एक पांघरूण दिलं नाही, तिला मेल्यावरही माझ्याच आईनं ऊब पुरवायची? आपल्या छातीतून काढून?

४

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी घमेल्यात पांढरी माती भिजवली. सोयाबीनचं कुटार मिसळलं, म्हणजे भुसा, त्यानं मातीला तडे जात नाहीत. एक कच्ची वीट आणली आणि आईची बाज बाजूला ओढली.

"नको व रेणू," आई म्हणाली. "तिले थंडी लागन."

"अन तुले लागते ते?"

"माह्यं काय. माह्याजवळ तू हायेस."

त्या बोलण्यानं मी विरघळायला हवी होते. मी आणखी भडकले. "हाव ना! मीच आहे सगळ्यांजवळ. दादाजवळ मी, तुह्याजवळ मी, काकानं टाकून देल्लेल्या बाईजवळ बी मीच!"

आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी वीट झरोक्यात घातली. ती अर्ध्यात अडकली. मी जोर लावला, हलली नाही. पलीकडून कुणी तळहात लावून धरावी, तशी. मी घाबरले, हे कबूल करते, पण हात काढला नाही. "सोड," मी म्हणाले. कुणाला म्हणाले, माहीत नाही. वीट सरळ झाली आणि आत सरकली. मी ढकलल्यामुळे नव्हे. मी ढकलणं थांबवलं होतं.

ओली माती निसरडी असते, मी मनात म्हणाले. दोन्ही हातांनी चिखल थापला, मग तळहातानं सारवायला लागले. ओल्या मातीवर तळहात फिरला की एक आवाज येतो, सर्र, सर्र, गाय वासराला चाटते तसा. बरा वाटतो तो कानाला.

मी हात थांबवला. आवाज थांबला नाही.

सर्र. सर्र. भिंतीच्या पलीकडून, खालच्या अंगाला, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर. मग तोही थांबला.

५

मी अंगणात येऊन काकांना फोन लावला. भीती असेल तर असो, मला मात्र राग आलेला होता. आम्हाला न सांगता भाडेकरू ठेवले असणार. भिंत सामाईक, आजारी माणूस आमच्या घरात, विचारायची रीत नाही?

"काका, घर भाड्यानं देल्लं काय?"

"कोणाले देतो व? कुलूप माहं, चाबी माह्या खिशात."

"मंग भिंत कोण लिंपून राह्यलं?"

"उंदरं असतीन. तू लहानपणापासून अशीच. पान पडलं तरी बोंबलते. आईले दे फोन."

"काका, काकूले रजई काहून नाई भरली तुमी?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तोच ऐकू येत राहिला. मी फोन कापला. मोठ्या माणसाचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा कापला.

काकांच्या दारावर कुलूप होतं, गंजलेलं, कडीला कोळ्याचं जाळं, धड. उंबऱ्याखालून मात्र पाण्याची एक पांढुरकी रेघ बाहेर आली होती, माती कालवलेल्या पाण्याची. माझ्याच घमेल्यातलं पाणी भिंतीखालून पाझरलं असेल. असेलच.

घरात आले तर आई झोपली होती. शांत. मी वाकून कान दिला. छातीत शिट्टी नव्हती.

६

त्यानंतरचे दिवस मी इतक्या आनंदात काढले की आता त्याची लाज वाटते. थंडी वाढली, तुरीच्या शेंगा भरल्या, गावात जिकडेतिकडे शेकोट्या पेटल्या, आणि आई दिवसेंदिवस सुधारत गेली. भाकरी दीड खायला लागली. दम्याचा पंप नको म्हणायला लागली. विकासदादानं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाला, "आई, गाल लाल झाले गं तुझे!" मला म्हणाला, "बघ, उगीच घाबरतेस तू." वाशीमचे डॉक्टर छाती तपासून म्हणाले, काय केलंत? मी म्हणाले, फटी बुजवल्या. किती तोऱ्यात म्हणाले मी ते.

आई बोलायची कमी, एवढंच. रजईतून बाहेर यायची नाही. झरोक्याचं नाव तिनं एकदाही काढलं नाही, आणि मला वाटलं, पटलं असेल.

एका दुपारी मी बाजेखालून झाडत होते. ऊन दारातून आत आलं होतं, बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टर निघून गेला आणि घर शांत झालं. तेव्हा मला शिट्टी ऐकू आली.

बारीक, अर्ध्यात तुटणारी, मग ओढून घेतलेली. हा आवाज मी झोपेतही ओळखते. माझं लहानपण या आवाजावर लक्ष ठेवण्यात गेलंय. मी चटकन आईच्या छातीवर हात ठेवला. छाती संथ वरखाली होत होती.

शिट्टी भिंतीत होती.

मी कान लावला. लिंपण गार पडलं होतं, वाळून टणक झालं होतं. त्याच्या पलीकडून आईचा आवाज आला, धापांच्या मधून, एकेक शब्द.

"रेणू... उघड ना व... दम कोंडून राह्यला."

मी झाडणी टाकून खुरपं शोधायला लागले. तेवढ्यात रजईतून हात बाहेर आला आणि माझं मनगट धरलं. ऊन हात. राखेतून काढलेल्या विटेसारखा. नखांच्या कडांत वाळलेली पांढरी माती होती. मी आईला मातीला हातही लावू दिला नव्हता.

"राहू दे बंद," बाजेवरची बाई म्हणाली. "लय दिसांनी ऊब भेटली. राहू दे, टिटवे."

७

मी झरोका फोडला. ती पडल्या पडल्या पाहत राहिली, तिनं अडवलं नाही. "थंडी येईन," एवढंच म्हणाली आणि रजई हनुवटीपर्यंत ओढली. वीट पलीकडे पडली. आतून वारा आला, त्याला विक्सचा वास होता. आईच्या उशाखाली कायम डबी असते, त्या विक्सचा.

मग मी अंगणातला दगड घेऊन काकांच्या दाराचं कुलूप तोडलं. गल्लीतल्या बाया ओट्यांवर आल्या. रामधनची बायको म्हणाली, "काय झालं व, कायले तोडून राह्यली दुसऱ्याचं कुलूप?" मी म्हणाले, "दुसऱ्याचं नाई, आमच्याच घराचं आहे." कुणी आत आलं नाही. बघायला सगळ्या, आत यायला कुणी नाही.

मी पाडलेली वीट सोडली तर खोली रिकामी होती. जमिनीवर धूळ, एकसारखी, पाऊल नाही, मांजराचंही नाही. माझीच पावलं काय ती उमटली. वाटणीची भिंत मात्र लिंपलेली होती. ताजी. बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते, खालपासून माझ्या छातीच्या जरा खालपर्यंत, आणि तिथून वर जुनी भिंत तशीच. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढीच.

मी वाकून झरोक्यातून आमच्या घरात पाहिलं. बाज दिसली. ती कोपरावर उठून माझ्याकडे पाहत होती. आईचाच चेहरा, लाल गाल. तिनं हसून बोटानं खुणावलं. ये, इकडे ये, तिकडे थंडी आहे.

आणि माझ्या गुडघ्याजवळ, अगदी माझ्या कपड्याला लागून, शिट्टी वाजली. कुणीतरी खोल श्वास ओढून घेतला, आणि माझ्या ओढणीचं टोक खाली ताणलं गेलं. हळूच. लेकराला जवळ बसवताना ओढावं तसं.

मी पळाले. हो, पळाले. ओरडत पळाले, सगळ्या गल्लीनं पाहिलं. खाली बघायचं होतं, तेवढं एक करायचं होतं, आणि ते मला जमलं नाही.

८

काकांनी नवं कुलूप लावलं आणि पोलिसांत जाण्याची धमकी दिली. विकासदादा आला, आईच्या हातची भाजी खाऊन गेला. जाताना मला म्हणाला, "तू जरा दाखवून घे. डोक्याच्या डॉक्टरला." मी त्याला झरोक्याला कान लावायला सांगितलं होतं. त्यानं लावलाही. म्हणाला, वारा आहे. स्वतःच्या आईचा श्वास वारा आहे म्हणाला! मागच्या हिवाळ्यात तो दवाखान्यात एक रात्र थांबला असता, तर त्यानं ओळखला असता.

मी त्याला आणखी काही सांगितलं नाही. काय सांगू? आई बरी आहे, लोक म्हणतात. किती सुधारली प्रयागबाई, म्हणतात. चारचौघांत ती मला रेणू म्हणते. घरात आम्ही दोघीच असलो की टिटवी.

रोज दिवेलागणीला मी चूल पेटवते. विटेचा तुकडा निखाऱ्यात ठेवते, फडक्यात गुंडाळते, गाठ मारते, झरोक्यात सरकवते. ती बाजेवरून बघते. कधी म्हणते, "गाठ सैल मार, तिच्या बोटांत जोर नाई." म्हणजे तिलाही माहीत आहे. मी तिच्यावर ओरडले आहे, शिव्या दिल्या आहेत, रजई ओढून अंगणात फेकली आहे. ती थंडीनं कुडकुडत मला म्हणते, "मले बी कोणीतरी बाहेरच ठेवलं होतं व." आणि मी रजई परत आणून देते. दोघींपैकी कुणावर रागवायचं तेच मला कळत नाही, म्हणून मी काकांना फोन लावते. ते उचलत नाहीत.

मध्यंतरी खूप गारठलं. वीट सकाळी परत यायची, फडक्याची घडी घातलेली, आणि तिला हात लाववत नसे इतकी गार. मी म्हणायचे, बरं आहे, ऊब ओढून घेते आहे. श्वास कमी झाला होता, पण होता.

आज सकाळी मी उठले तर गाठोडं झरोक्यातच होतं.

गाठ मी बांधली तशीच.

मी झरोक्याला कान लावला. भिंत गप्प होती. मग माझ्या मागे बाज करकरली, चुलीजवळ फुंकणी वाजली, आणि दमदार, मोकळ्या छातीनं कुणीतरी म्हणालं, "ये टिटवे. चहा घे गरम गरम."